दुसऱ्या ठोक्याचा रकाना

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मुरलीधर आठल्ये यांचं एक वाक्य ऐकावं लागतं. "यू डोन्ट पुश. यू प्लेस." डेटोनेटर ढकलायचा नाही, ठेवायचा. हे सांगताना आठल्ये उजव्या हाताची चिमूट हवेत धरतात, तिच्यात तांदळाचा दाणा असावा तशी. सतरा वर्षांत या वाक्याची इतकी नक्कल झाली आहे, की कँटीनमध्ये कोणी सॉसची बाटली जोरात दाबली तरी मागून आवाज येतो, "डोन्ट पुश, मेट. प्लेस."

वाक्य पुस्तकातलं नाही. १९९१ साली चंद्रपूरकडच्या एका खाणीत आठल्यांच्या हाताखालच्या माणसाने अडकलेला डेटोनेटर खिळ्याने आत सारला आणि दोन बोटं गमावली. आठल्ये तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. तेव्हापासून त्यांनी स्फोटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूला जोर लावलेला नाही. खाणीतल्या माणसासाठी ही उत्तम सवय आहे. अडचण झाली ती रविवारी.

रविवारी आठल्ये पिस्तूल क्लबात जातात. क्लब म्हणजे गावाबाहेर लाल मातीचा एक उंच बांध, त्याच्यापुढे लक्ष्यांच्या चौकटी, एक पत्र्याची शेड आणि चहाची किटली. २०२१ साली दाराशी क्यूआर कोडचा कागदही आला होता. महासाथीच्या त्या वर्षात पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बाकीच्या देशाला बंद केल्या होत्या, आणि आत सगळं जवळपास नेहमीसारखं चाललं होतं. आठल्यांची मुलगी स्वरदा मेलबर्नजवळ ट्रुगानिनात होती. तिच्याकडे सहावा लॉकडाऊन चालू असताना बाबा दर रविवारी तासभर गोळ्या झाडून, सॉसेज सिझल, म्हणजे पावात गुंडाळलेलं भाजलेलं सॉसेज, खाऊन घरी येत. यावर ती व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणायची, "नाइस फॉर सम."

क्लबाच्या चौघांच्या संघात आठल्ये अकरा वर्षं चौथे आहेत. चौथा म्हणजे ज्याच्यामुळे संघ कधी जिंकत नाही आणि हरतही नाही. पहिल्या तिघांचे गुण वर-खाली होतात, आठल्यांचे होत नाहीत. क्लबाचा कॅप्टन बर्नी, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, त्यांची ओळख करून देताना म्हणतो, "हा मर्ली. याच्यावरून घड्याळ लावा." आठल्यांना आयुष्यात मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे त्यांना सगळ्यात आवडतं. बायकोने एकदा विचारलं होतं, की घड्याळ म्हणवून घेण्यात कौतुक कसलं. त्यांना प्रश्न समजला नाही.

सरावाला गोळ्या फार लागतात, म्हणून तिथले बरेच जण काडतुसं घरीच पुन्हा भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडातला वापरलेला प्रायमर काढायचा, नवा बसवायचा, दारू भरायची, वर गोळी बसवायची. प्रायमर म्हणजे मसुराएवढी धातूची वाटी, आत चिमूटभर स्फोटक. रिव्हॉल्व्हरचा घोडा पडला की पिन त्याच्यावर आपटते, तो ठिणगी देतो आणि दारू पेटते. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचंच हे प्रौढ रूप आहे. सुहासिनी आठल्ये त्यांना टिकल्याच म्हणतात. गावात त्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि नवऱ्याच्या गॅरेजमधल्या उद्योगाविषयी त्यांना फारसं कुतूहल नव्हतं.

टिकलीसारखंच प्रायमरचंही असतं. काही कंपन्यांच्या वाट्या मऊ, हलक्या ठोक्यालाही पेटतात. काहींच्या कडक, त्यांना सणसणीत ठोका लागतो. आठल्ये वर्षानुवर्षं लाल डबीतले प्रायमर वापरत. ते मऊ म्हणून प्रसिद्ध होते आणि अकरा वर्षांत त्यांच्याकडे एकही फुसका निघाला नव्हता. २०२१च्या जूनमध्ये लाल डबी संपत आली आणि बाजारातही मिळेना. जगभर लोकांनी टॉयलेट पेपर साठवला तसे प्रायमरही साठवले होते, आणि जहाजं वेळेवर येत नव्हती. दुकानदार माणशी एक डबी देत होता, तीही जी असेल ती. आठल्यांना एकदा निळी मिळाली, एकदा पिवळी. लालमधले शेवटचे पन्नास त्यांनी बाजूला ठेवले.

जुलैच्या पहिल्या सरावात साठातल्या पाच गोळ्या उडाल्या नाहीत. घोडा पडला, टक् असा आवाज आला आणि पुढे काही झालं नाही. दुसऱ्या सरावात सात. घड्याळ बंद पडताना सगळ्या क्लबाने पाहिलं.

"घोड्याची स्प्रिंग ढिली केली आहेस का, मर्ली?" बर्नीने विचारलं.

"नाही. प्रायमर खराब आहेत."

"सगळे तेच वापरताहेत, मेट."

सप्टेंबरच्या मध्यावर एस्परन्सच्या क्लबाशी वार्षिक सामना होता. त्या सामन्यात सबब चालत नाही. उडाली नाही त्या गोळीला शून्य. बर्नीने आठल्यांना किटलीजवळ बाजूला घेतलं. एकोणतीस ऑगस्टच्या सरावात साठ गोळ्या झाडायच्या. एकापेक्षा जास्त फुसक्या निघाल्या तर चौथ्या जागी लीना जाईल.

लीना नाशिकची, बत्तीस वर्षांची, गावच्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीत डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी ती क्लबात आली तेव्हा तिला भरणं शिकवलं ते आठल्यांनीच. अजूनही ती शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या प्रेसवर काडतुसं भरते. तिची आणि त्यांची एकमेकांवर माया आहे, आणि ती लपवायला तिला टोमण्यांचा चांगला उपयोग होतो.

"काका, माझ्या उडतात हं," ती म्हणाली. "पिवळ्यासुद्धा."

"तुझं नशीब. दोन-चार डब्यांवरून निष्कर्ष काढू नये."

"बरं. मग किती डब्यांवरून काढू?"

"पद्धतशीर चाचणी लागते."

"म्हणजे आता तुम्ही तक्ता करणार."

त्यांनी तक्ता केला. तिन्ही डब्यांतले पन्नास-पन्नास प्रायमर घेतले, कारण पन्नासाखाली नमुना घेणं त्यांच्या मते नमुन्याचा अपमान आहे. ते रिकाम्या पुंगळ्यांत बसवले. दारू नाही, गोळी नाही. मग एका बुधवारी रजा टाकून क्लबात गेले आणि दीडशे वेळा घोडा पाडला. लाल: पन्नासातले पन्नास उडाले. निळे: चव्वेचाळीस. पिवळे: एकेचाळीस. जे उडाले नाहीत त्यांना दुसरा ठोका दिला आणि तोही रकाना भरला: सहापैकी सहा, नवापैकी नऊ उडाले. शेरा या सदरात त्यांनी निळ्यांपुढे 'सुस्त' आणि पिवळ्यांपुढे 'अत्यंत सुस्त' असं लिहिलं.

हा अहवाल क्लबाच्या मासिक पत्रकात दीड पान छापून आला. आठल्यांचा शब्द म्हणजे घड्याळ. त्या आठवड्यात चार सभासदांनी आपल्याकडच्या न उघडलेल्या पिवळ्या डब्या नको म्हणून पुढे केल्या. लीनाने आपल्याकडच्या गोळ्या देऊन त्या सगळ्या घेतल्या.

त्यानंतरच्या रविवारी स्वरदाचा फोन आला. आठल्यांनी तिला तक्ता कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला.

"सो बाबा, आता तुझ्याकडे किती उरले?"

आठल्यांनी मनात हिशेब केला. लाल संपले होते. निळे संपले होते. पिवळेही.

"वेट. यू यूज्ड वन फिफ्टी टू फाइंड आऊट यू हॅव नन?"

"चाचणीला नमुना लागतो, स्वरदा."

"आई! आई, तू हे ऐकलंस का?"

आईने ऐकलं होतं. सोमवारी आठल्ये दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, ऑक्टोबरमध्ये कदाचित. पंचवीस मैलांवरच्या दुसऱ्या दुकानात फोन केला, तिथे ऑक्टोबरही नव्हता. एकोणतीस ऑगस्टला तेरा दिवस होते, आणि त्यांच्याजवळ जुलैत भरलेली, झाडायची राहिलेली सात काडतुसं होती. जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घातलं नाही.

सुहासिनीबाईंनी तेव्हा पत्रक मागून घेतलं. दवाखान्यातला चष्मा लावून त्यांनी तक्ता वाचला, एक्सरे वाचतात तसा, आधी कडा आणि मग मधला भाग.

"अहो, हे दुसऱ्या ठोक्याचं काय आहे?"

"जे पहिल्यांदा उडाले नाहीत त्यांना पुन्हा ठोका दिला. ते सुस्त आहेत."

"पंधराच्या पंधरा दुसऱ्यांदा उडाले?"

"हो."

"पहिल्या ठोक्याला कडक होते आणि दुसऱ्याला सगळेच्या सगळे मऊ झाले? पंधरातला एकही हट्टी निघाला नाही?"

"तो कंपनीचा गुणधर्म आहे."

"दोन वेगळ्या कंपन्यांचा, एकच गुणधर्म," त्या म्हणाल्या. "चला, त्या टिकल्या बसवता कशा, ते दाखवा मला."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला.

गॅरेजमध्ये दाखवायला प्रायमर नव्हता, म्हणून आठल्यांनी तो बसवायचं हत्यार रिकामंच घेऊन कृती करून दाखवली. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, वर पारदर्शक ढाल. पुंगळी खोबणीत, प्रायमर खाली, मग हत्याराचा खटका दाबायचा. तो त्यांनी चिमटीने दाबला, मान डावीकडे वळवून, आणि किंचित विरोध लागायची जागा येताच सोडून दिला.

"झालं?"

"झालं. बसला."

"बुडाला टेकला का?"

"म्हणजे?"

"दाताला कॅप बसवताना मी नुसती ठेवत नाही हो. दाबते. पेशंटला चावायला लावते. अर्धवट बसली तर ती उंच राहते, मग पेशंट म्हणतो, काहीतरी लागतंय. घरी जाऊन चकली चावली की मग ती नीट बसते. माझ्याऐवजी चकलीने काम केलेलं असतं."

सुहासिनीबाई गाडीतून आपली पेटी घेऊन आल्या. दातांचा चावा बघायला त्या जो निळा कागद वापरतात त्याची एक पट्टी त्यांनी काचेच्या तुकड्यावर ठेवली. जुलैतल्या सात काडतुसांपैकी एकेक त्यांनी नवऱ्याकडून त्या कागदावर अलगद उभं करवलं, स्वतःच्या वजनावर, आणि उचलून बूड बघितलं. सातापैकी पाचांच्या बुडावर बरोबर मध्ये निळा ठिपका होता. ती पाच उभी असताना डुगडुगतही होती.

"उंच," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पाच उंच."

गणित आठल्यांना तिथेच उलगडलं, आणि तेही त्यांच्याच तक्त्यातून. प्रायमर खळग्याच्या तळाला टेकला नसेल तर पिनचा पहिला ठोका कधीकधी त्याला पेटवण्यात खर्च होत नाही, आत बसवण्यात खर्च होतो. दुसऱ्या ठोक्याला तो बसलेला असतो, म्हणून उडतो. लाल डबीतले इतके मऊ, की तसल्या अर्धवट अवस्थेतही पेटायचे. म्हणजे लाल प्रायमर जास्त संवेदनशील, हे खरंच होतं. पण अकरा वर्षं त्यांनी आठल्यांची चूक पोटात घातली होती. निळ्या-पिवळ्यांनी घातली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

"मी एवढा व्यवस्थित रकाना केला होता," ते म्हणाले.

"रकाना व्यवस्थितच आहे. शेरा चुकला."

निदान झालं, पण औषध लीनाकडे होतं. शनिवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे आली, दोन पिवळ्या डब्या आणि खारी घेऊन. आठल्यांनी आधी चहा केला, मग हवामानाविषयी बोलले, मग हॉस्पिटलच्या शिफ्टविषयी. तिने अर्धी खारी होईपर्यंत वाट पाहिली.

"काका, काय हवंय?"

"तुझ्याकडे पिवळ्या डब्या बऱ्याच जमल्या आहेत, असं ऐकतो."

"तुमच्या कृपेने. अत्यंत सुस्त आहेत म्हणे."

"एक मिळाली तर..."

"तुम्हाला? माझीच जागा जाईल की. तुमच्या जास्त गोळ्या फुसक्या निघाल्या तर मी एस्परन्सला जातेय."

"हो. ते आहेच."

सुहासिनीबाई दारात उभ्या होत्या. "लीना, त्यांना निळा कागद दाखवलाय मी. पण आधी तुझं एक काडतूस दे."

लीनाने दिलं. काचेवर ते ठाम उभं राहिलं. उचलल्यावर बुडाला कडेने निळं कडं उमटलेलं होतं आणि मधोमध पितळ स्वच्छ होतं. आठल्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. दोन वर्षांपूर्वी याच बाकावर लीनाने प्रायमर अंगठ्याने दाबून बसवला होता, आणि ते तिच्यावर ओरडले होते. त्यानंतर ती त्यांची पाठ फिरेपर्यंत थांबून दाबत असे.

"आम्हाला सीपीआरमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितीय?" ती म्हणाली. "पुश हार्ड. पुश फास्ट. भीती वाटली तरी पुश."

"खाणीत तुला मी पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं."

"म्हणून तर मी हॉस्पिटलात आहे. डबी देते, दोन अटींवर. एक, पत्रकात दुरुस्ती छापायची. दुसरी, तुम्ही माझ्यासमोर दाबायचं. मान सरळ ठेवून."

पहिली अट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीला वेळ लागला. पहिल्या प्रायमरला अंगठा खटक्यावर ठेवून ते बसून राहिले. हत्यार नेमकं याच कामासाठी बनवलेलं असतं, जोर हळूहळू आणि सारखा लावायचा असतो, ठोकायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. लीनाला त्यांनीच ते पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. अंगठ्याला ते माहीत नव्हतं.

"काका, दाबा."

"दाबतोय."

"तुम्ही ठेवताय."

"दाबतोय म्हटलं ना."

"काकू, हे ठेवताहेत."

"अहो, दाबा. सात माणसांच्या अक्कलदाढा काढल्या मी या आठवड्यात. मला सांगू नका जोर लावणं काय असतं."

त्यांनी दाबलं. विरोध लागला तिथे ते थांबले नाहीत, पुढे गेले, आणि अंगठ्याखाली काहीतरी तळाला टेकल्याचं प्रथमच जाणवलं. पुंगळी काचेवर उभी केली. निळं कडं, मध्ये स्वच्छ. काही झालं नाही. मान मात्र डावीकडेच होती.

"मानेचं काय?" लीना म्हणाली.

"मान पुढच्या वर्षी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

साठ प्रायमर बसवायला पूर्वी त्यांना अर्धा तास पुरत असे. त्या दिवशी दोन तास लागले, कारण प्रत्येक पुंगळी काचेवर जात होती. लीनाने तोवर स्वतःची दोनशे भरली.

एकोणतीस ऑगस्टला वारा होता, लक्ष्यांच्या चौकटी करकरत होत्या. बर्नी हातात पाटी घेऊन आठल्यांच्या मागे उभा राहिला. सहा-सहाच्या दहा फेऱ्या. पहिल्या फेरीतल्या सहाही उडाल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत आठल्ये प्रत्येक घोड्याआधी दचकायच्या तयारीत होते आणि गोळ्या लक्ष्याच्या डाव्या कडेला लागत होत्या. पाचव्या फेरीनंतर ते दचकायचं विसरले. सातव्यात एकदा टक् असा आवाज आला आणि सगळी शेड गप्प झाली. पण तो शेजारच्या रांगेत कोणीतरी चष्म्याची डबी बंद केल्याचा होता. शेवटची फेरी संपली तेव्हा बर्नीने पाटीवर लिहिलं: साठपैकी साठ.

"घड्याळ चालू झालं," तो म्हणाला. "काय केलंस?"

"दाबलं," आठल्ये म्हणाले.

त्या दिवशी लीनाचे गुण त्यांच्यापेक्षा चारने जास्त होते. अट फुसक्या गोळ्यांची होती, गुणांची नव्हती, म्हणून चौथी जागा आठल्यांचीच राहिली. लीना राखीव म्हणून एस्परन्सला गेली. संघातल्या चौघांच्याही काडतुसांत आता तिच्याच डब्यांतले प्रायमर होते, त्यामुळे तिला न नेण्याचा प्रश्न नव्हता. सामना क्लब सात गुणांनी हरला. आठल्ये संघात चौथे आले. त्यांच्या साठही गोळ्या उडाल्या.

सप्टेंबरच्या पत्रकात दुरुस्ती आली, तीन ओळींची. मागील अंकातील तक्ता बरोबर आहे, शेरे मागे घेतले आहेत. लाल प्रायमर अधिक संवेदनशील आहेत, पण निळे आणि पिवळे तितकेच भरवशाचे आहेत. जे उडाले नाहीत ते बसवणाऱ्याने पूर्ण बसवले नव्हते. ज्या चार सभासदांनी डब्या देऊन टाकल्या होत्या त्यांनी लीनाला फोन केले. ती म्हणाली, नो वरीज, आणि डब्या ठेवून घेतल्या.

खाणीत आठल्ये अजून तेच वाक्य सांगतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. गॅरेजमध्ये आता काचेचा तुकडा आणि निळ्या कागदाची वही कायमची बाकावर असते. प्रायमर ते पूर्ण दाबतात, पण तोंड फिरवूनच. सुहासिनीबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांचे पेशंटही तसंच करतात, असं त्या म्हणतात, आणि तरी त्या काम पुरं करूनच सोडतात.